न्यूयॉर्कच्या सभेतील पांढरे पागोटे आणि जालन्याजवळचे बेथेल

ऑक्टोबर १८७३. न्यूयॉर्कमध्ये जगभरातील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मंडळींची मोठी परिषद भरली आहे. काळ्या कोटांच्या त्या गर्दीत एक गृहस्थ पांढरे पागोटे बांधून बसले आहेत. ते मराठी आहेत, ब्राह्मण घरात जन्मलेले आहेत आणि अस्खलित इंग्रजी बोलतात. स्वामी विवेकानंद शिकागोला पोहोचण्यास अजून वीस वर्षे अवकाश आहे. आनंदीबाई जोशी अमेरिकेच्या बोटीत पाऊल ठेवण्यास दहा वर्षे आहेत.

या गृहस्थांचे कार्यक्षेत्र मुंबई नव्हे आणि पुणेही नव्हे. निजामाच्या राज्यातील जालना हे त्यांचे गाव आणि तेथील मांग वस्ती ही त्यांची शाळा. नाव रेव्हरंड नारायण शेषाद्री. हा धागा त्यांच्याविषयी, त्यांच्या एका धाकट्या भावाविषयी आणि जालन्याजवळ वसलेल्या एका खेड्याविषयी आहे.

जालना म्हटले की आज बियाणे, पोलाद आणि मोसंबी आठवतात. इतिहासाची आवड असणाऱ्यांना १८०३ ची असईची लढाई आठवते, कारण ती रणभूमी याच जिल्ह्यात आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांबही येथलेच. या यादीत बेथेलचे नाव सहसा येत नाही. ते का यायला हवे, हे समजण्यासाठी प्रथम तीस वर्षे मागे, १८४३ च्या मुंबईत जावे लागेल.

त्या मुंबईत जॉन विल्सन आणि रॉबर्ट नेस्बिट हे स्कॉटिश मिशनरी शाळा चालवत होते. आजच्या विल्सन कॉलेजचे मूळ तेथेच आहे. इंग्रजी, गणित आणि भूगोल चांगले शिकवले जाई, म्हणून हिंदू-पारशी पालक मुलांना तेथे धाडत आणि बायबलच्या तासाकडे काणाडोळा करत. हा तह फार दिवस टिकणारा नव्हता. १८३९ मध्ये या शाळेतील पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि पारशी समाजाने आपली मुले शाळेतून काढून घेतली. चार वर्षांनी तीच ठिणगी ब्राह्मण समाजात पडली.

नारायण शेषाद्री हा त्या शाळेतील हुशार विद्यार्थी. १८४३ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि घर सोडले. तो जाणता होता, त्यामुळे कायद्याने त्याला अडवता येत नव्हते. परंतु त्याच्या पाठोपाठ त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनरींच्या घरी येऊन राहिला. श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा होता. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, पण तो मिशनरींच्या घरी राहत होता आणि जेवत होता. पुढचे सारे रामायण या जेवणावरूनच घडले.

वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात धाव घेतली. मुलगा अज्ञान आहे, तेव्हा त्याचा ताबा पित्याचाच, असा निकाल लागला. श्रीपत बापाच्या हवाली झाला. न्यायालयाच्या दारातून दोन भाऊ दोन वाटांनी गेले.

येथे गोष्ट संपली असती तर ती एका कुटुंबाची शोकांतिका म्हणून राहिली असती. पण श्रीपत घरी आला आणि नवाच प्रश्न उभा राहिला: याला पंगतीत घ्यायचे की नाही? ख्रिस्ती घरात जेवलेला मुलगा ब्राह्मण उरतो का? मुंबईच्या सनातनी मंडळींनी ठाम नकार दिला. याच वेळी ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर पुढे सरसावले. अजाण वयात घडलेल्या गोष्टीला प्रायश्चित्त असते आणि ते देऊन मुलाला परत घ्यावे, ही त्यांची भूमिका. शास्त्राधार शोधले गेले, पक्ष पडले आणि बाळशास्त्रींना स्वजातीयांचा रोष सोसावा लागला. अखेर त्यांनी श्रीपतची शुद्धी घडवून आणली. शुद्धीच्या आधुनिक चळवळीचा इतिहास लिहिताना हे प्रकरण आरंभीच येते, ते यामुळे.

मराठी पाठ्यपुस्तकांत या प्रकरणाचा नायक बाळशास्त्री असतात, आणि ते योग्यच आहे. मात्र थोरल्या भावाचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही. श्रीपतला परत येण्याची वाट, काट्याकुट्यांची का होईना, तयार झाली. नारायणला ती वाट नको होती. आणि हवी असती तरी बारा वर्षांच्या अबाप्तिस्मित मुलासाठी ज्यांनी एवढा वाद घातला, त्यांनी बाप्तिस्मा घेतलेल्या जाणत्या तरुणासाठी दार किती उघडले असते, याचा अंदाज करणे अवघड नाही. घर, भाऊ, जात, वडिलार्जित मिळकतीतला हिस्सा, सारे एका झटक्यात गेले. धर्मांतरिताचा वारसाहक्क राखणारा कायदा कंपनी सरकारने केला तो १८५० मध्ये. तोवर सात वर्षे उलटली होती.

पुढील काही वर्षे नारायणने मिशनच्या शाळेत अध्यापन केले. १८४३ मध्येच स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली होती आणि विल्सन, नेस्बिट प्रभृती नव्या फ्री चर्चकडे गेले होते. त्याच चर्चचा पाळक म्हणून १८५४ मध्ये नारायण शेषाद्रींना दीक्षा मिळाली. त्याच साली याच शाळेत शिकलेले बाबा पदमनजी ख्रिस्ती झाले. तीन वर्षांनी त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले, आणि मराठी कादंबरीचा इतिहास तेथून सुरू होतो. एका छोट्याशा शाळेतून किती वाटा फुटल्या, याचे आश्चर्य वाटते.

याच दशकात महाराष्ट्रात दुसऱ्याही एका पंथाचे प्रचारक येऊन गेले. त्यांची आठवण येथे मुद्दाम काढली आहे, कारण त्यांच्याशी ताडून पाहिले की जालन्याचे वेगळेपण उमगते. हे मॉर्मन पंथाचे लोक. ह्यू फिंडले हा स्कॉटिश मॉर्मन प्रचारक १८५१ मध्ये मुंबईत उतरला आणि तेथून पुण्यास गेला. १८५३ मध्ये अमेरिकेतून तेरा प्रचारकांची तुकडी कलकत्त्यास आली. त्यांच्यातील एमॉस मिल्टन मसर अवघ्या बावीस वर्षांचा होता. त्याने कराचीतही काम केले. पदरी पैसा न बाळगता, मिळेल त्या आश्रयावर राहून उपदेश करावा, हा या मंडळींचा नेम.

त्यांचे श्रोते कोण? मुख्यतः छावण्यांतील गोरे शिपाई आणि काही युरेशियन कुटुंबे. लष्करी अधिकाऱ्यांना हे आवडले नाही आणि छावण्यांची दारे बंद होऊ लागली. त्यातच मॉर्मन पंथाने १८५२ मध्ये बहुपत्नीत्वाची प्रथा उघडपणे जाहीर केली. ती बातमी हिंदुस्थानात पोहोचल्यावर इंग्रज समाजाने त्यांच्याकडे पाठ फिरवली. फिंडलेने मराठीचा अभ्यास केला आणि मराठ्यांना उद्देशून एक पुस्तिकाही काढली. पण पाच-सहा वर्षांत ही सारी मंडळी परतली. मागे फारसे काही उरले नाही. त्यांची निष्ठा कमी पडली असे म्हणता येत नाही, कारण पायी तुडवलेले रस्ते आणि सोसलेले आजार त्याची साक्ष देतात. ज्या लोकांत बसून शिकवायचे ते लोकच त्यांना लाभले नाहीत.

नारायण शेषाद्रींना ते लाभले. १८६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत त्यांनी जालन्यास मुक्काम हलवला. का, हे नकाशा पाहिल्यावर ध्यानात येते. कुंडलिका नदीकाठचे जालना ही कापूस आणि धान्याची मोठी बाजारपेठ होती. जवळ लष्करी छावणी होती. राज्य निजामाचे, भाषा मराठी आणि मुंबईच्या मिशनरींची फेरी येथे क्वचितच येई. रेल्वे जालन्यास पोहोचायला १९०० साल उजाडावे लागले. त्यापूर्वीची मुंबई-जालना वाट म्हणजे बैलगाडी आणि घाट.

मुंबईत शिकलेल्या ब्राह्मण पाळकाने येथील ब्राह्मण-वाण्यांना उपदेश करावा, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात त्यांचे ऐकायला आले ते मांग, आजच्या भाषेत मातंग. गावगाड्यात मांगाचे काम दोर वळण्याचे, केरसुण्या बांधण्याचे, सणा-लग्नात वाजंत्री वाजवण्याचे. मोबदला म्हणजे खळ्यावरचे बलुते आणि मागून आणलेली भाकर. वस्ती गावकुसाबाहेर. गावात चोरी झाली की संशय प्रथम त्यांच्यावर. या जगण्याचे वर्णन मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीने १८५५ मध्ये लिहून ठेवले होते. ती फुले दांपत्याच्या शाळेतील विद्यार्थिनी, आणि तिचा निबंध छापला तो मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्राने. जालन्याच्या मांगवाड्यात काय परिस्थिती होती, हे जाणण्यासाठी त्याहून चांगला साक्षीदार मिळणे कठीण.

आता कल्पना करावी. ज्याच्या सावलीपासून गाव दूर राहते, त्याच्या अंगणात जन्माने ब्राह्मण असलेला माणूस येऊन बसतो आणि त्याच्या हातचे पाणी पितो. उपदेशाचा एक शब्द उच्चारण्यापूर्वीच फार मोठे काही बोलून झालेले असे.

त्या काळच्या दख्खनमधील मिशनच्या कामाला आठवड्याची एक लय होती. रविवारी उपासना. आठवडे बाजाराच्या दिवशी चव्हाट्यावर उभे राहून प्रवचन, आणि त्या वेळी टवाळी, प्रश्न, कधी दगडही. इतर दिवशी मुलांची शाळा. संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग. त्यांना अक्षरओळख नसल्यामुळे दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना पाठ करून घ्यायची. थंडी पडली की तंबू गाडीवर टाकून आसपासच्या खेड्यांतून फेरी. आजाऱ्याला औषध देणे आणि कोणाचा अर्ज लिहून देणे हेही प्रचारकाच्याच वाट्याला येई. सेवा आणि शिकवण यांत रेघ ओढणे त्याला शक्यच नव्हते.

परंतु बाप्तिस्मा घेतलेल्या मांग कुटुंबाची खरी परीक्षा सोमवारी सुरू होई. रविवारी काम करायचे नाही, असे नवा धर्म सांगतो. गावाच्या कामाला रविवार ठाऊक नाही. देवीच्या जत्रेत वाजवायचे नाही, असे पाळक सांगतो. गावाच्या दृष्टीने वाजवणे हा मांगाचा धर्मच. नकार दिला की बलुते बंद. बलुते बंद म्हणजे चूल बंद. अहमदनगरकडील अमेरिकन मिशनच्या महार ख्रिस्ती कुटुंबांनाही याच पेचातून जावे लागले होते. ब्रिटिश मुलखात निदान १८५० च्या कायद्याचा आधार होता. जालना निजामाच्या हद्दीत. तेथे तो कायदाही लागू नव्हता.

या पेचावर नारायण शेषाद्रींनी काढलेला तोडगा म्हणजे बेथेल.

बेथेल हा बायबलमधील शब्द. मूळ हिब्रू अर्थ ‘देवाचे घर’. भावाच्या कोपाला भिऊन घराबाहेर पडलेला याकोब उघड्या माळावर दगड उशाला घेऊन झोपतो, स्वप्न पाहतो आणि त्या जागेला हे नाव देतो, अशी कथा आहे. घर सुटलेल्या माणसाने वसाहतीसाठी हेच नाव निवडावे, यात योगायोगापलीकडे काही पाहण्याचा मोह होतो. पण ख्रिस्ती वसाहतींना हे नाव जगभर दिले जात असे, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

जमीन मिळाली ती हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्या कृपेने, सुरुवातीच्या काळात साऱ्याच्या सवलतीसह. १८५३ मध्ये चोविसाव्या वर्षी दिवाण झालेल्या या मुत्सद्द्याने निजामाचा विस्कटलेला कारभार मार्गावर आणला होता. एका मुस्लिम राज्याच्या दिवाणाने जन्माने ब्राह्मण असलेल्या ख्रिस्ती पाळकाला मांग कुटुंबांसाठी जमीन द्यावी, हे आज विलक्षण भासते. त्या काळच्या दख्खनमध्ये ते तितकेसे विलक्षण नव्हते. पडीक जमीन वहितीखाली आणण्यासाठी कौल द्यायचा, पहिली काही वर्षे सारा हलका ठेवायचा, ही इस्ताव्याची पद्धत शिवकालाच्याही आधीपासून रूढ होती. नवी पेठ किंवा नवे गाव वसवणारे पाटील, शेटे, महाजन असाच कौल घेत. नारायण शेषाद्रींनी मिशनच्या भाषेत जे काम केले, ते रयतेच्या भाषेत गाव वसवणे होते. मिशनच्या अहवालांत ही बाब ठळकपणे येत नाही, पण बेथेल समजून घ्यायचे तर हीच किल्ली आहे.

तेथे चर्च झाले, शाळा झाली, विहिरी खणल्या गेल्या, घरे आणि शेते झाली. जो मांग गावच्या विहिरीला शिवू शकत नव्हता, तो आपल्या विहिरीचे पाणी शेंदू लागला. जो खळ्यावर हात पसरत होता, तो स्वतःचे खळे घालू लागला. जालना आणि परिसरातील काही शे माणसांनी त्या वर्षांत बाप्तिस्मा घेतला. त्यांपैकी किती जण ख्रिस्तासाठी आले आणि किती पाण्यासाठी, असा प्रश्न तेव्हाही विचारला जाई, आजही विचारला जातो. प्रश्नात गृहीत धरले जाते की तहान ही श्रद्धेहून हलकी गोष्ट आहे. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या पाणी वरून ओतून मिळाले, त्याच्यालेखी या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतील असे नाही.

तरीही बेथेलचे चित्र निर्मळ रंगात रंगवणे चूक ठरेल. जमिनीचा कौल ज्याच्या शब्दावर मिळाला, त्याच्याच शब्दावर वसाहत चालणार. पाळक, शिक्षक, पंच आणि मालकाचा प्रतिनिधी हे सारे एकाच पागोट्याखाली. गावच्या पाटलाचे ओझे उतरले, पण त्याच्या जागी पितृतुल्य का होईना, दुसरी सत्ता आली. शिवाय वेगळे गाव वसवण्यात एक धोका होताच: मूळ गावातील विहीर तशीच बंद राहिली. मिशनच्या वर्तुळात स्वतंत्र ख्रिस्ती वसाहतींविषयी मतभेद होते आणि त्यामागे हेही कारण होते. धर्मांतरित माणूस आपल्या लोकांतून उठून गेला, तर त्या लोकांना बदलणार कोण?

आता १८७३ च्या न्यूयॉर्ककडे परतता येईल. नारायण शेषाद्रींच्या त्या दौऱ्यामागे एक रोकडे कारणही होते: बेथेलसाठी निधी. वेळ मात्र वाईट निघाली. परिषदेच्या आधी जेमतेम पंधरवडा, १८ सप्टेंबरला, जे कुक यांची मोठी पेढी बुडाली आणि अमेरिकेत आर्थिक हाहाकार उडाला होता. बँकांची दारे बंद होत असताना जालन्याच्या मांगांसाठी झोळी पसरायची होती. तरी लोकांनी त्यांचे ऐकले. त्यांच्या पागोट्याचे कुतूहल वाटून आलेलेही त्यांत असणारच.

त्याच महिन्यात पुण्यात काय घडले होते, ते शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी त्यांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली, आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना त्यांनी ती अर्पण केली. फुलेही स्कॉटिश मिशनच्याच शाळेत, पण पुण्याच्या, शिकलेले. एकाच मिशनच्या शाळांतील दोन मराठी विद्यार्थी एकाच वर्षी अमेरिकेकडे तोंड करून अस्पृश्यांविषयी बोलत होते: एक पुस्तकातून, दुसरा व्यासपीठावरून. एकाने वेगळे गाव वसवले. दुसऱ्याने १८६८ मध्ये स्वतःच्या घरचा हौद खुला केला आणि जुन्या गावातच ठाण मांडले. वर उल्लेखिलेल्या प्रश्नाला या दोघांनी आपापल्या आयुष्याने दिलेली ही दोन उत्तरे. कोणते खरे, यावर अभ्यासकांत आजही वाद झडतात.

नारायण शेषाद्री यांचा मृत्यू १८९१ मध्ये परदेशप्रवासात, समुद्रावर झाला. ज्याने आयुष्यभर लोकांना जमीन मिळवून दिली, त्याच्या वाट्याला मूठभर मातीही आली नाही.

त्यांच्या पश्चात काम थांबले नाही. जालना मिशन हॉस्पिटल हे नाव शहरात आजही परिचित आहे. १९०० मध्ये फ्री चर्च दुसऱ्या एका स्कॉटिश चर्चमध्ये विलीन झाले. १९४८ मध्ये निजामाचे राज्य गेले. १९७० मध्ये उत्तर भारतातील अनेक प्रॉटेस्टंट पंथांचे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया बनले. १ मे १९८१ रोजी औरंगाबादमधून जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला.

या सनावळीत आणखी एक साल घालावे लागते: १९५०. त्या वर्षीच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची व्याख्या हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध तिच्यात समाविष्ट झाले, ख्रिस्ती नाहीत. म्हणजे मांग घराण्यातील दोन सख्ख्या भावांपैकी एक ख्रिस्ती असेल, तर दाखल्याच्या खिडकीपाशी त्या दोघांच्या वाटा आजही वेगळ्या होतात.